निवडणं

ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर,
मी भुंगेरे मोजते.
अळसांद्यांतले. तिळाहून थोडे मोठे,
पाठीवर काळे डाग,
आणि चिमट्यात धरलं की
पाय आखडून मेल्याचं सोंग.
सहा वर्षं झाली, अजून फसते मी.
दोनदा लिहून खोडते.

फणसाच्या बिया, आमच्या घरी भिकणां,
आजवर निखाऱ्यात भाजलेल्या किंवा भाजीत शिजलेल्या,
यंदा सोलून, वाटून, गाळून, बर्फात ठेवून
त्यांतून काढलं एक प्रथिन.
दोन किलो बियांतून बाटलीच्या तळाशी
चिमूटभर पांढरी भुकटी.
लेक्टिन.
शब्द मुळात लॅटिन, सर म्हणाले. अर्थ: निवडणं.

मग हे तर मला येतं.
सूप मांडीवर, पाय पसरून,
खडा एका बाजूला, पोचट दाणा दुसऱ्या,
डोळे टीव्हीवर असले तरी बोटांना कळतं.
हेही तसंच चाचपत जातं
साखरांच्या गर्दीतून,
एकीलाच ओळखतं
आणि धरतं.

जहाल विषाला घाई असते.
याला नाही.
अळीच्या आतड्याला आतून साखरेची लव असते,
तिला हे बिलगतं, बस्स.
अळी खात राहते. पोट तट्ट
आणि अंगी काहीच लागत नाही.
भरल्या घरात उपाशी, म्हणतात ना,
ते मी भिंगाखाली पाहिलंय.

अळसांद्याचं पीठ, त्यात ही भुकटी,
औषधाच्या रिकाम्या कॅप्सुलांत भरली.
मादी आली, फिरली,
कॅप्सुलीलाच दाणा समजून
अंडं चिकटवून गेली.
त्या दिवशी डबा खाताना
कुणाशी बोलले नाही मी.

दर शुक्रवारी म्हापशाला
एस्पेरान्साबायकडून अळसांदे आणते.
तिच्याकडचे नितळ, कारण ती राख चोळते,
कसली ते सांगत नाही.
परवा मापावर एक मूठ जास्त टाकत म्हणाली,
‘कितें गे, मेले तुजे?’
म्हटलं, अर्धे.
ती हसली. ‘म्हज्या राखेनूय अर्देच मरतात.
तुका पगार कित्याक दितात?’
सरांना हे सांगितलं नाही.
राख मात्र मागून आणली, कागदाच्या पुडीत,
बरणीवर लिहिलं: ए. बाय, एक टक्का.

एक गोष्ट राहून राहून वाटते.
हेच भिकण कच्चं खाल्लं
तर आपल्यालाही धरलं असतं त्यानं
थोडंफार, आतून.
आपण उकळतो, भाजतो,
आणि त्याची मूठ सुटते.
झाडानं मुठी वळल्या त्या सगळ्यांसाठीच,
माणूस, माकड, भुंगेरा, कुणी येवो.
वेगळं काही नाही आपल्यात.
फक्त किड्याकडे चूल नाही.

रात्री घरी तोणाक करायचं म्हणून
परातीत अळसांदे ओतले.
एका दाण्याला भोक,
कंपासने काढावं तसं गोल.
आतून दार कापून कुणी बाहेर गेलेलं,
आत नीट झाडून घेतल्यासारखी पोकळी.
किती वेळ धरून बसले तो दाणा.
नवऱ्यानं विचारलं, खडा आहे का?
नाही म्हटलं. रिकामा आहे.

आज सातवी बरणी उघडली.
तीत मात्रा सगळ्यांत जास्त,
तिथून कुणी येणार नाही असं ठरलेलं.
दोन आले.
उशिरा, एकवीस दिवस उशिरा,
अर्ध्या मापाचे, एकाचा पंख चुरगळलेला.
मी चिमटा लावला नाही,
सोंग आहे की काय ते पाहिलं नाही.
चालत होते.

वहीत लिहिलं: बरणी सात, जिवंत दोन.
पुढच्या रकान्यात: एक नर, एक मादी.
आणि पेन उचलायच्या आत
मादीनं काचेवरच,
दाणा नाही, पीठ नाही,
कोऱ्या काचेवर
एक अंडं ठेवलं.